देवाचा एक तास उसना

केटोचा मुलगा एमॉस, एमॉसचा मुलगा सायलस, आणि सायलसचा मुलगा आपला नायक — एझ्रा! मंडळी, तीन पिढ्या विचारल्याशिवाय मी घरात सून आणली नाही. मग आख्यानात नायक कसा आणीन? केटो अमेरिकेच्या दक्षिणेत गुरासारखा बाजारात विकला गेला. एमॉसने आयुष्यभर दुसऱ्याचा कापूस वेचला. सायलसने रेल्वेचे रूळ टाकले — आणि त्याच रेल्वेत गोऱ्यांच्या डब्यात त्याला पाय ठेवता येईना! एझ्राच्या हाती मात्र चेंडू आला.

आता प्रश्न! देवाचा वेळ खेळासाठी उसना घेतला, तर तो फेडायचा कसा? — मागे कोणी घड्याळ पाहिले? पाहा, पाहा! आजची कथा घड्याळाचीच आहे.

बेसबॉल म्हणजे आपल्या क्रिकेटचा चुलतभाऊ. एझ्रा चेंडू असा फेकी, की फळीवाल्याला वारा लागे, चेंडू लागत नसे! पण गावातले मैदान गोऱ्यांचे. काळ्या माणसांना ते मिळे रविवारी — बारा ते दोन. आणि त्यांची प्रार्थना संपे एक वाजता! मग सामना पाहणार कोण? कावळे?

एझ्रा गेला डॉर्कसबाईंकडे. चर्चमधली सर्वांत वडील बाई. सारे तिला 'मदर' म्हणत. तिने मान हलवल्याशिवाय पाद्रीसुद्धा 'आमेन' म्हणत नसे.

“मदर, या रविवारी प्रार्थना एक तास आधी संपवाल?”

“का रे? देवाला गाडी पकडायची आहे?”

“माणसे आली नाहीत, तर आमचा संघ मोडेल.”

“आणि देव एकटाच बसेल, त्याचे काय?”

“तास उसना द्या, मदर. परत करीन.”

बाईंनी गळ्यातल्या साखळीचे घड्याळ उघडले. “तास म्हणजे साठ मिनिटे. एकोणसाठ चालणार नाहीत!”

मंडळी, मला ही बाई फार आवडते!

त्या रविवारी अवघे चर्च बारा वाजता मैदानावर! डोक्यावर टोप्या, पायांत चकचकीत बूट — देवासाठी केलेला साज खेळालाही कामी आला. संघ तगला. पुढे एझ्रा भेटला की म्हणे, “मदर, तो तास आता विसरा!” बाई म्हणत, “मी विसरेन रे. घड्याळ विसरणार नाही.”

बारा वर्षे गेली. कोणतेही हॉटेल खोली देईना, म्हणून संघ बसमध्येच झोपे. पण कीर्तीला कुठे खोली लागते? एझ्राचे नाव गाजले. मोठ्या संघांची दारे काळ्या खेळाडूंसाठी नुकती किलकिली झाली होती. मैदानाचा मालक हॉलोवे याने त्याला गोऱ्या संघाविरुद्ध बोलावले. उत्तरेच्या मोठ्या संघाचा माणूस पारखायला येणार होता. एझ्राचे वय चौतीस — ही संधी शेवटची!

तो मैदानात आला. पाहतो तो काय? सावलीत गोऱ्यांसाठी राखलेल्या खुर्च्यांची रांगच्या रांग रिकामी. आणि पलीकडे, उन्हात, एक दोरी बांधलेली. दोरीमागे त्याची माणसे उभी. त्यांत काठीवर रेललेल्या ऐंशी वर्षांच्या डॉर्कसबाई.

“मालक, त्या दोरीमागच्यांना बसू द्या.”

“तू चेंडू टाक. खुर्च्यांचे मी पाहतो!”

“मग मीच बसतो.”

आणि चेंडू टाकायच्या जागेवरच त्याने मांडी घातली! लोक ओरडले. एक बाटली कानाजवळून गेली. फौजदार काठी घेऊन धावला. ओढून नेता आले असते हो! पण ओढून नेलेल्याकडून चेंडू कसा टाकून घेणार? आणि तिकिटे तर त्याच्याच नावावर खपलेली!

“अरे, तो उत्तरेचा पाहुणा निघून जाईल!” हॉलोवे ओरडला.

“जाऊ द्या, साहेब. मी एक तास देणे लागतो.”

ते शब्द दोरीपर्यंत पोहोचले. बाईंनी घड्याळ उघडले, आणि चिरक्या आवाजात प्रार्थना सुरू केली! मागच्यांनी सूर धरला. बारा वर्षांपूर्वी राहिलेला तास, गोऱ्यांच्या मैदानावर, भर उन्हात! अर्ध्या तासाने पाहुणा उठला. एझ्राने त्याला जाताना पाहिले. मंडळी, पाहिले — आणि तो बसून राहिला! ते बोलावणे पुन्हा कधी आले नाही.

अठ्ठावन्नाव्या मिनिटाला हॉलोवेने घाम पुसत स्वतःच्या हाताने दोरी सोडली. म्हातारी माणसे सावलीत येऊन बसली.

“आता तरी ऊठ, बाबा!”

एझ्राने गुडघा उचलला. तोच पहिल्या खुर्चीतून आवाज — “बस खाली! दोन मिनिटे राहिली आहेत!”

बसला! आणि हात टेकून मालकही त्याच्याशेजारी बसला!

हसलात? हसा. पण ही दोन मिनिटे मी तुम्हाला देते. कामवालीचा कप तुमच्या खिडकीत वेगळा उपडा घातलेला आहे ना? ती जमिनीवर, तुम्ही खुर्चीवर? तीच ती दोरी! गाठ तुम्ही मारलीत, तुम्हीच सोडा. घरी जाऊन, चहा व्हायच्या आत!

खट्ट! बाईंनी घड्याळ मिटले.

“साठ! देवाचे फिटले रे, लेकरा. ऊठ — आणि टाक चेंडू!”