नळीचं तोंड

शोभेच्या माशांच्या दुकानात माझ्यामागे रांगेत एक जोडपं होतं. नवरा बायकोला धड बोलू देईना.

“जुनी काचेची टाकी माशांच्या टाकीखाली ठेवली, स्पंज घातला, पंप सोडला. झालं फिल्टर. आता काय अडलं?”

“नळी तुम्ही वरच्या टाकीत तळापर्यंत सोडलीय. वीज गेली की पाणी तिच्यातूनच उलटं...”

“पाणी उलटं चढतं होय?”

“चढत नाही, उतरतं. काल खालची टाकी भरून सगळं फरशीवर आलं. वर चार मासे कोरडे पडून मेले.”

“म्हणून तर मोठा पंप घेतोय.”

“वीजच नसली तर मोठा काय करणार? नळीचं तोंड पाण्याच्या वर उचलून बांधलं, तर उरलेले दोन...”

“तुला यातलं काय कळतं?”

मी मागे वळले.

“अरे बाबा, मासे मुके होते, ते गेले. हिला तोंड आहे. पंप परत ठेव आणि ही सांगते तशी नळी बांध.”