रिमोटचा सेल संपला तेव्हा

अरे, माझ्या बायकोला, अनिताला, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या त्या सकाळचं सांगतो. आम्ही माण गावात भाड्याने राहायचो. मी बॅग घेऊन गाडीपाशी धावलो, तर रिमोट दाबून दाबून अंगठा दुखला, पण दार उघडेना. सेल संपला होता. शेवटी रिमोटच्या आतली छोटी किल्ली काढून दार उघडलं, तसा गाडीचा भोंगाच सुरू झाला. घरमालकीणबाई धावत बाहेर आल्या.

"अवं, लेकरू रडायच्या आदी गाडीच रडाया लागली की!"

अनिताला मागे बसवलं आणि स्टार्टचं बटण दाबलं, तर गाडी रिमोट ओळखेचना. मी फोनवर हेल्पलाइनचा नंबर शोधायला लागलो.

"फोन ठेव," अनिता कळ सोसत म्हणाली. "रिमोट त्या बटणाला टेकव आणि मग दाब."

गाडी सुरू झाली, भोंगाही थांबला. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत म्हटल्यावर मी अनिताला विचारलं, "तुला कसं गं माहीत?"

"गाडी घेतली त्या दिवशी शोरूमवाला सांगत होता. तू तेव्हा गाडीला टेकून फोटो काढून घेत होतास."