देवाभाऊची गुप्त खिडकी

अरे, आपल्या कुडव्याच्या खतवाल्या देवाभाऊचं ऐकलं का? कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं का काम्पुटर सारं लपून लिहून ठेवते. गड्यानं कॅमेऱ्यावर बायकोची टिकली चिकटवली, हिस्ट्री पुसली, वरून ब्राउझरची गुप्त खिडकी उघडली.

म्या म्हटलं, "काऊन एवढं लपवून राहिला?"

"प्रायव्हसी हाय बे! आता कोणाच्या बापाले समजत नाही."

मराठी टाइप करता येत नाही, म्हणून त्यानं माइकचं बटन दाबलं अन् दुकानभर ओरडला, "मूळव्याधीवर घरगुती इलाज!"

खत घ्यायला आलेली शेजारची काकू, जिच्या पोटात गोष्ट राहत नाही, लगेच बोलली, "भाऊ, सुरण खा."

देवा माझ्या कानात कुजबुजला, "काकूची हिस्ट्री कुठून पुसाची बे?"