तळापर्यंत

नवरा : ब्रेक दाब. पूर्ण दाब, आणि मी सांगेपर्यंत पाय उचलू नको.

ती : दाबलाय.

नवरा : थांब, आवळतो... हं, आता सोड. झालं, चौथ्या चाकाच्या ब्रेकमधलीही हवा निघाली. बाबा, वरच्या डबीत तेल किती आहे?

सासरे : काठोकाठ. जन्म बस हाकण्यात गेला माझा, ब्रेकच्या तेलाची डबी रिकामी ठेवणारा ड्रायव्हर नव्हतो मी. सूनबाई, पेडल कसं लागतंय?

ती : दगडासारखं. नवे पॅड, नवं तेल. उद्या ट्रॅकवर पहिल्या वळणाला जीव मुठीत धरायला नको.

नवरा : आपलं इंजिन गरीब आहे, ब्रेक तरी श्रीमंत असू देत. ही काय लाखमोलाची रेसिंग कार आहे? दोन सीटची जुनी गाडी, मीच ठोकून-ठाकून उभी केलेली. वजन उतरवलंस का सगळं?

ती : स्पेअर चाक काढलं, जॅक काढला, सीटखाली छोटीचा खुळखुळा सापडला तोही काढला. आता ही पायाखालची मॅट.

नवरा : मॅट राहू दे, मी काढतो.

ती : मी आत बसलेच आहे की.

नवरा : अगं, क्लिप फार कडक आहेत. नख मोडेल तुझं. तू उतर, जरा पाणी-बिणी पी.

ती : माझ्या नखांची काळजी तुला कधीपासून? ही बघ, निघाली.

सासरे : आमची सूनबाई ऐकते होय कुणाचं!

ती : हे काय आहे? ॲक्सिलेटरच्या खाली कार्पेट वर आलंय. आत काहीतरी टणक आहे.

नवरा : असेल काहीतरी. आधीच्या मालकाने काय काय कोंबलंय देव जाणे. सोड ते.

ती : कार्पेट कापलंय इथे. ब्लेडने, सरळ. बाबा, जरा तो टॉर्च द्या बघू.

सासरे : हा घे. उंदराने घर केलं असेल.

ती : उंदीर नट-बोल्ट लावत नाही, बाबा. रबराचा ठोकळा आहे. हाताने फिरवायचा नट आहे त्याला, म्हणजे हवा तेव्हा घाला, हवा तेव्हा काढा.

सासरे : ॲक्सिलेटर दाबून बघ.

ती : दाबतेय... अर्ध्याच्या जरासं पुढे जातं आणि टेकतं. मला वाटायचं, हाच तळ.

नवरा : अगं, ऐक ना. म्हणजे कसं आहे, जुन्या इंजिनवर एकदम ताण नको म्हणून...

ती : गेल्या वर्षी मी तुला विचारलं होतं. म्हटलं, अरे, पेडल लवकर टेकतंय का रे? तू काय म्हणालास, आठवतंय?

नवरा : नाही.

ती : मला आठवतंय. म्हणालास, नवे बूट आहेत, सोल जाड आहे. मी बूट काढून मोज्यांवर चालवली गाडी! लोक हसले मला.

सासरे : थांबा, थांबा. माझ्या डोक्यात नीट शिरू दे. हा ठोकळा गेल्या वर्षीपासून इथे आहे?

ती : वर्षभर गाडी कव्हरखाली होती, बाबा. मी हात लावला नाही तिला. विचारा तुमच्या चिरंजीवांना.

सासरे : काय रे?

नवरा : मी आज काढणारच होतो.

सासरे : तू बसवलास?

नवरा : छोटी मांडीवर होती तेव्हा, बाबा. हिला कशाचं भान नसायचं. गाडीत बसली की डोळे वेगळेच व्हायचे हिचे. मला रात्र रात्र झोप लागायची नाही. काही झालं असतं तर? पोर आईविना वाढली असती.

ती : मग तोंडाने सांगायचं. म्हणायचं, जाऊ नको, मला भीती वाटते.

नवरा : तू ऐकलं असतंस?

ती : नसतं ऐकलं. भांडले असते, दोन दिवस बोलले नसते. तेवढा तरी मान ठेवायचास माझा. आणि एक सांग. त्या दिवशी ट्रॅकवर तूही चालवलीस ना गाडी?

नवरा : हो.

ती : तुझ्या फेऱ्यांना होता हा ठोकळा?

नवरा : तो टॉर्च बंद कर, सेल जातील.

ती : आधी मी गेले. मग तू गेलास, आणि पहिल्यांदा तुझी वेळ माझ्यापेक्षा चांगली आली. मग त्या रेसिंग टीमच्या बाई आल्या, नवी ड्रायव्हर शोधत होत्या, त्यांना मला बघायचं होतं, म्हणून मी परत गेले. म्हणजे मधे तू तो काढलास आणि पुन्हा बसवलास. कधी? मी कुठे होते?

नवरा : जाऊ दे ना आता.

ती : मीच सांगते. मी तंबूत छोटीला पाजत होते.

(वरच्या मजल्यावर, छोटीला घेऊन बसलेल्या सासूबाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.)

सासरे : अरे, मी अख्ख्या गल्लीला सांगत फिरलो. पोरगा सुनेला मागे टाकून आला म्हणून. दाढी करता करता न्हाव्यालासुद्धा सांगितलं.

नवरा : बाबा, तुम्ही तरी...

सासरे : मी तरी काय? तुझी आई म्हणाली, बाळंतपणाने बाईचं अंग ढिलं पडतं, पूर्वीसारखं राहत नाही. मी मान डोलावली. ही समोर बसून ऐकत होती, आणि तूही होतास तिथे. तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

ती : फुटला की. परत येताना गाडीत मी रडत होते, तेव्हा पाठीवर हात फिरवत म्हणाला, होतं असं, शरीर आहे, वेळ दे स्वतःला. किती समजूतदार नवरा मिळालाय मला, असं वाटलं होतं तेव्हा. त्या बाई ट्रॅकच्या सरळ पट्ट्याच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या. सगळे माझ्या शेजारून सूं सूं निघून जात होते आणि मी पाय तळापर्यंत दाबून बसले होते. त्या जाताना एवढंच म्हणाल्या, तुमच्यात आता ती धग दिसत नाही.

नवरा : मी त्यांना फोन करतो. सांगतो सगळं.

ती : त्यांनी दुसरी मुलगी घेतली, रे. केव्हाच. आणि नंतर बायकांना गाडी शिकवायचे वर्ग घ्यायचे मी, तेही बंद केले. जिला स्वतःला जमत नाही तिने काय शिकवायचं?

नवरा : खरं सांगू? तुला खरं हवंय ना? गाडी मी बांधली. तुला पहिल्यांदा ट्रॅकवर मी नेलं. वळण कसं घ्यायचं, ब्रेक कधी सोडायचा, सगळं मी शिकवलं. आणि लोक येऊन मला विचारायचे, मॅडमचे मेकॅनिक तुम्हीच का?

ती : तू हसून सांगायचास ते घरी.

नवरा : हसूनच सांगतात असलं. मला एकदाच, फक्त एकदा पुढे यायचं होतं. पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. त्या बाई येणार हे मला माहीत नव्हतं.

ती : आल्या हे तर दिसलं होतं ना? तेव्हा काढता आला असता.

नवरा : तू बेल्ट लावून बसली होतीस. काढायला गेलो असतो तर कळलं असतं तुला.

ती : हां. म्हणजे अब्रूचा प्रश्न होता.

सासरे : सूनबाई, ये, बाहेर ये जरा. पाणी घे.

ती : आधी हा नट सुटू दे... निघाला. घे. तुझी वस्तू आहे.

नवरा : फेकून दे ना.

ती : मी का फेकू? बसवलास तू. त्याचं काय करायचं तेही तूच ठरव.

नवरा : चुकलो मी. पाया पडू का? उद्या तू गाडी काढ, बघ कशी जातेस. सगळ्यांच्या पुढे असशील. मी सांगतो ना तुला.

ती : तेच तर आता चालायचं नाही. तू सांगितलेलं. वर्षभर मी गाडीला शिवले नाही. उद्या हात जड पडले, एखादं वळण हुकलं, तर तो दोष माझा की तुझा, हे मला कसं कळणार? आणि जोरात गेले, तर जन्मभर मनात येत राहील की गेल्या वर्षीही गेले असते. दोन्हीकडून मारलंस तू मला.

नवरा : उद्या मी येऊ ना बरोबर? टायरची हवा, नट, कुणीतरी बघायला पाहिजे.

ती : मला येतं बघता. शिकवणाऱ्याने चांगलं शिकवलंय. तू घरी थांब, छोटीला बाटलीने दूध पाज. दर दोन तासांनी भूक लागते तिला. तंबूत नाही, घरीच आहे, तेवढं सोपं जाईल तुला.

नवरा : आल्यावर बोलू या आपण. नीट, शांतपणे.

ती : आल्यावर बोलायची इच्छा उरली तर बोलू. जरा बाजूला हो, गाडी बाहेर काढायची आहे. ब्रेकचे पॅड नवे आहेत, चालवून घासून बसायला पाहिजेत. मागच्या रिकाम्या रस्त्यावर एक चक्कर मारून येते.

सासरे : थांब, मी शटर वर करतो. तू नको रे, तू तिथेच उभा राहा... हं. रस्ता मोकळा आहे. सावकाश जा हं, सूनबाई.

ती : (गिअर टाकता टाकता त्यांच्याकडे वळून बघते.)

सासरे : चुकलो, बाई. जन्मभराची सवय, तोंडातून निघून जातं. तुला हवं तसं जा.

ती : तुम्ही म्हणा, बाबा. तुम्ही तोंडावर म्हणता.