उगमाची पाटी

नेकनूरच्या स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकड्यावर एक म्हातारी आणि तिचा धाकटा भाऊ बोलत होते.

"अभिमन्यू, नदीचा उगम तुज्या रानात हाय म्हणून पाटी लावलती ना तू?"

"लावलती, आक्का. नकाशावाल्या सायबाला मीच दावलं, समद्या बरडाचं पानी माज्याच झऱ्याकडं उतरतंय."

"मग पाटी तुज्या दादाच्या, त्रिंबकच्या रानात कशी गेली?"

"मीच हालवली. झरा बांधाच्या बुडाला हाय. हिकडून पायलं तर माजा, तिकडून पायलं तर दादाचा."

"त्या हातभर बांधापायी तुमी दोघं बारा वर्सं कोर्टात भांडताव, आन अख्खी नदी फुकट दिली?"

"लोकं दर्शनाला यायलेत गं! नारळ फोडत्यात, ओटी भरत्यात, आन जाताना माज्या हरबऱ्याचे ढाळे परसाद म्हणून उपटून नेत्यात. म्हनलं, आता दादाचा हरबरा खावा."

"त्रिंबक भांडला न्हाई?"

"उलट लई खूश झाला. पाटीला हार घातला, फोटो काढला."

"पाटीवर नाव कुनाचं हाय?"

"माजंच की. वर 'नदीचा उगम', खाली 'सौजन्य, अभिमन्यू'. पैसे मी भरले, नाव कावून सोडू?"

"म्हंजी झऱ्यापातूर रान त्रिंबकचं हाय, असं तू सौजन्यानं लिहून दिलं."

"...आक्का, ही गाडी जाऊ दे. मी आदी पाटी उपटून येतो."

"बस गप. त्रिंबक सकाळच्याच गाडीनं कोर्टात गेलाय, फोटो घिऊन."