कायमची लिंबूटिंबू

— आणि रडून काही होत नाही, इथं सगळेच रडतात. बाकाला लाथा मारू नकोस, मला धक्के बसतायत. तुझी आई चिठ्ठी घ्यायला खिडकीशी गेलीये, येईल इतक्यात. माझी आत आहे, डॉक्टरांना माझ्या तक्रारी सांगतेय. आत काय करतात? काही नाही रे. अंधारी खोली असते, छातीवर गार चिकट काहीतरी फासतात आणि टीव्हीवर तुझं हृदय दाखवतात — कंटाळवाणा कार्यक्रम. तुझी चेन कुठपर्यंत आहे? चेन म्हणजे टाक्यांची खूण रे, ऑपरेशनची. राहू दे, बटणं नको काढूस. माझी इथून इथपर्यंत. मी बाळ होते तेव्हाची, मला आठवतसुद्धा नाही. पण घरातल्यांना आठवतं ना, रोज सकाळी नव्यानं आठवतं.

तू नवीन दिसतोस म्हणून सांगते, नीट ऐक. रडायला दम लागतो, शिवाय नाक गळतं. त्यापेक्षा गप्प बसायचं, श्वास जरा मोठ्यानं घ्यायचा आणि ओठ मिटायचे — झालं काम. मी शाळेतून आले की आई माझं तोंड नाही बघत, ओठ बघते, निळे पडलेत का म्हणून. एकदा मी निळी गोळी चघळत घरी गेले, तर तिनं घर डोक्यावर घेतलं, बाबा काम टाकून धावत आले. मग मी ओठ पुसून दाखवले. रागावले असतील ना? छे, आइस्क्रीम मिळालं. शाळेत तर विचारूच नकोस. गृहपाठ नाही केला की बाई म्हणतात, बरं नव्हतं का गं? मी आपली मान हलवते. शेजारच्या मुलीला मी चावले, चांगले दात उमटेपर्यंत, तर बाईंनी तिलाच सांगितलं, हिच्या वाट्याला जाऊ नकोस, हिला त्रास होतो. दात माझे, हात तिचा, आणि त्रास मला.

हसलास ना? मग आता लाथा बंद.

डॉक्टर बिचारे सांगून सांगून थकले. मागच्या वेळी आईला स्पष्ट म्हणाले — सगळं उत्तम आहे, पळू दे, पडू दे, चुकली तर चांगलं रागवा, मोठ्या मुलाला वाढवलंत तशीच वाढवा. मी तिथंच होते, बुटाची नाडी बांधत. आणि घरी येऊन आईनं बाबांना काय सांगितलं? डॉक्टर म्हणाले, जपा. आणि खोटारडी मी.

जपतात म्हणजे किती, तर पकडापकडीत मी कायमची लिंबूटिंबू. माहितीये ना — खेळायचं सगळं, पण आऊट झालं तरी राज्य येत नाही. तुला ठीक आहे, तू लहान आहेस. माझ्याहून छोटी पोरं राज्य घेतात आणि मला कोणी पकडतच नाही, समोर जाऊन उभी राहिले तरी वळसा घालून जातात. मग मी कोणाचे तरी केस ओढते. मग सगळे म्हणतात, हिच्या वागण्याचं काहीतरी करा.

तो बघ, पाण्याच्या मशीनपाशी माझी पिशवी मांडीवर घेऊन बसलाय, तो माझा दादा. पूर्वी मला राणीसरकार म्हणायचा आणि आई नसली की चोरून चिमटे काढायचा. चांगला होता. आता बोलत नाही. का म्हणजे — काही नाही, त्याचा पूल मोडला मी. काड्यापेटीच्या काड्यांचा, शाळेसाठी, कितीतरी दिवस चिकटवत होता. चुकून नाही. वर पाय दिला. म्हटलं, बघू तरी. दादा ओरडला, बाबा आले, त्यांनी माझ्या पायाखाली बघितलं — आणि हात उगारला. माझ्यावर. खरंच. मी डोळे मिटले, पण जागची हलले नाही. म्हटलं, आज धपाटा मिळणार, दादाला मिळतो तसा. आवाज झाला. आणि मला काही लागलंच नाही. डोळे उघडले तर दादा पाठ चोळत होता आणि बाबा त्याला विचारत होते, तुला वस्तू वर ठेवता येत नाही का.

तेव्हापासून तो चिमटासुद्धा काढत नाही. मागेन ते देतो, पिशवी धरतो. चुकलं म्हणायला गेले तर म्हणाला, तू दमू नकोस. मी रडत नाहीये, इथं एसीचा वारा लागतो डोळ्यांना.

आई गं — अरे, केवढ्यानं मारलीस. बघ, नडगी लाल झाली. लागलं मला. खरंच लागलं, माहितीये? थांब, तुझी आई आलीच. काकू, यानं मला लाथ मारली. मुद्दाम. — नाही, त्याचा पाय नाही दुखत, माझा दुखतोय. मारणाऱ्याचा कसा दुखेल? त्याला बिस्किट नका देऊ काकू, त्याला रागवा ना. हळू रागावलात तरी चालेल. त्यानं काही होत नाही त्याला, आत डॉक्टरांना विचारा. काकू, एकदाच.

जाऊ दे. तुमचा नंबर आलाय, जा.