घुंगरमाळेचं बटण

हसू नगा, ऐका. चौसाळ्यात गणपाचं बैलाच्या साजाचं दुकान हाय. त्याची सून लॅपटॉपवर, क्लाऊडवर म्हंजी इंटरनेटवर साठवलेला धंद्याचा डेटा तपासायला शिकत व्हती. दुकानात वस्तू खपली की गणपानं मोबाईलवर त्या वस्तूचं बटण दाबायचं. मी चहाला गेलो की गंमत म्हणून गुपचूप घुंगरमाळेचं बटण धा-धा येळा दाबायचो.

पोळ्याआधी ती सासऱ्याला म्हणली, "मामा, घुंगरमाळाच लई खपत्यात."

गणपानं टेम्पोभर आणल्या. पोळा झाला, माळा तशाच.

"बंद कर तुजं शिकणं!" गणपा सुनेवर वरडला.

मी म्हणलो, "गणपा, ते बटण मीच दाबत व्हतो."

गणपा हसला. "तिला वाचवायला थाप मारतो व्हय बे?"

जल्मभर गणपानं माज्या थापा खऱ्या धरल्या, अन् खरं बोललो तवा पोरीचा लॅपटॉप कपाटात गेला.